फिशपॉन्डच्या बाजूने दोन शब्द

माझ्या ओळखीतल्या बहुतेक शाळांनी दहावीच्या निरोप समारंभातले फिशपॉन्ड बंद करून टाकलेत. परवा भाचीच्या शाळेतला समारंभ झाला. प्रत्येकाला एक सॅटिनचा पट्टा मिळाला. 'मिस सनशाईन', 'मिस्टर परफेक्ट', 'बेस्ट स्माईल'. सोबत एक छापील फॉर्म होता, 'दहा वर्षांनी मी'. मी फोटो बघत बसले होते आणि माझ्या लक्षात आलं, की हे सगळे पट्टे एकमेकांत अदलाबदल करून वाटले असते तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी तसं म्हटलं, तर ताई म्हणाली, "असू दे गं, निदान कुणाचं मन तरी दुखावत नाही."

ताईचं खरं आहे. (ताई हे वाचते आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.) पण मला राहून राहून वाटतंय, की ज्याने मन दुखावूच शकत नाही ते मनापर्यंत पोचतं तरी कुठे? तेव्हा आज जरा उलट्या बाजूने बोलणार आहे.

माझे बाबा फिशपॉन्डला 'शेलापागोटे' म्हणायचे. त्यांच्या काळी स्नेहसंमेलनात ते वाटले जायचे. आमच्यापर्यंत येता येता शेला गेला, पागोटं गेलं आणि बाटाच्या बुटांचं एक रिकामं खोकं उरलं. त्याला पतंगाचा कागद चिकटवायचा, वर फट ठेवायची. कुणीही कुणावरही चिठ्ठी लिहून आत टाकायची, नाव न घालता. समारंभाच्या दिवशी बाई एकेक चिठ्ठी काढून वाचणार.

वर्ष १९९५, गाव मिरज. गाव मुद्दाम सांगतेय. मिरजेत जन्मलेल्या मुलाला डॉक्टर व्हायचं नसेल तर त्याला कारण द्यावं लागे. एकीकडे वानलेसचं मिशन हॉस्पिटल, दुसरीकडे सरकारी मेडिकल कॉलेज, आणि मध्ये उरलेल्या जागेत खाजगी दवाखाने. कर्नाटकातून रेल्वेने पेशंट येत. डॉक्टर व्हायचं नसेल तर इंजिनिअर, कारण सांगलीला वालचंद कॉलेज. वालचंदला नंबर नाही लागला तरी हरकत नाही. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली होती आणि दादा तर आमच्याच जिल्ह्यातले. त्यामुळे आमच्या लहानपणी मोठी माणसं 'फ्री सीट', 'पेमेंट सीट' हे शब्द तांदूळ-ज्वारीच्या भावासारखे बोलत. असो.

तर त्या फेब्रुवारीत वर्गात दोन कागद फिरत होते. एक स्लॅम बुक आणि दुसरा फिशपॉन्ड. माझी स्लॅम बुक अजून आहे. आईने दोन घरं बदलली तरी टाकली नाही. सदतीस पानं भरलेली आहेत. आवडता रंग, आवडता हिरो, आवडता पदार्थ, आणि खाली ॲम्बिशन. निम्म्याहून जास्त पानांवर डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. दोघांनी 'इंजिनिअर'चं स्पेलिंग चुकवलंय. (दोघेही झाले.) चार मुलींनी समाजसेवा लिहिलंय, कारण आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये, सुश्मिता आणि ऐश्वर्या दोघी जग जिंकून आल्या होत्या. मुकुट घालायचा तर ते लिहावं लागतं, एवढं आमच्या मुलींना समजलं होतं.

माझं म्हणणं इतकंच आहे, की ॲम्बिशनच्या ओळीत आमचे आई-वडील लिहीत होते. आम्हाला स्वतःला बघून काही लिहिलं असेल, तर ते त्या खोक्यातल्या चिठ्ठ्यांमध्ये.

उदाहरणं देते. नावं देणार नाही. निम्मी मंडळी वाचणारी आहेत आणि एक तर वकील आहे.

आमची पहिल्या नंबरवाली. तिच्यावरची चिठ्ठी अशी होती : "बाई गृहपाठ द्यायला विसरतात, ही आठवण करून द्यायला विसरत नाही. आम्ही हिला विसरणार नाही." स्लॅम बुकात ॲम्बिशन डॉक्टर, आणि ती झालीही. भूलतज्ज्ञ. ज्या मुलीने आम्हाला पाच वर्षं शेवटच्या तासाला डुलकी काढू दिली नाही, ती आता लोकांना झोपवायचे पैसे घेते.

मग आमचा नॅरोगेज. हा आरगहून यायचा, मिरज-कुर्डुवाडी छोट्या गाडीने. ती गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगू! माणसं चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढत, असं सगळे सांगतात आणि मला ते खरं वाटतं. आता तिथे ब्रॉडगेज आहे आणि ती मजा गेली. तर ह्याच्यावर : "पहिला तास कशाचा असतो, हे ह्याला दहावी झाल्यावर कळेल." ॲम्बिशन, पायलट. तासाला पंधरा मैलांनी जाणाऱ्या मुलाला पायलटच व्हावंसं वाटणार, त्यात नवल नाही. आज त्याचा पानमळा आहे, खायच्या पानांचा, वडिलांचाच, वाढवलेला. दरवर्षी वेल उतरवायचा, जमिनीत पुन्हा लावायचा, पुन्हा चढवायचा. पानाला उशीर चालत नाही, तोडलं की गाडीला लागलंच पाहिजे. आणि हा माणूस, बाईसाहेब, पहाटे चारला मळ्यात असतो. म्हणजे चिठ्ठीने त्याचं भविष्य सांगितलं असं मी म्हणणार नाही, पण त्याची रोजची झटापट घड्याळाशी आहे हे त्या चिठ्ठीला माहीत होतं. 'पायलट'ला काय माहीत होतं?

आमच्या वर्गात एक कांबळीही होता. म्हणजे आडनाव ते नव्हे. १९९३ मध्ये विनोद कांबळीने लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं ठोकली आणि आमचा हा उजव्या हाताचा चांगला खेळाडू रातोरात डावखुरा झाला. कानात डूलही आलं. त्यानंतर त्याने कधी दहाच्या वर धावा केल्याचं मला आठवत नाही. चिठ्ठी : "कानात डूल, हातात बॅट, डोक्यात जागा भाड्याने देणे आहे." ॲम्बिशन, इंडियन टीम. आता पतसंस्थेत मॅनेजर आहे आणि कर्ज मागायला येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो, "हे तुमचं स्वतःचं डोकं का दुसऱ्या कुणाचं बघून?" हा प्रश्न त्याला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेला नाही.

इंजिनिअर झालेल्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ते झाले. फक्त एक गंमत नोंदवून ठेवते. आमचा निकाल लागला जूनमध्ये. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, ज्योती बसूंनी कलकत्त्याहून केलेला. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. म्हणजे आमच्या वर्गातले जे आठ-दहा जण आज पुण्यात, बंगलोरला आणि न्यू जर्सीत ज्या कामावर घरं चालवतात, ते काम आम्ही स्लॅम बुक भरत होतो तेव्हा निम्मं अस्तित्वातच नव्हतं. आणि पंधराव्या वर्षी आम्हाला विचारलं जात होतं, दहा वर्षांनी कोण होणार! भाचीच्या त्या फॉर्मचा मला राग आहे तो ह्यासाठी.

आता आकाशवाणी. मुलींवरच्या चिठ्ठ्यांचं एक दुखणं होतं, ते लपवत नाही. मुलांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्या सवयींवर असत, मुलींवरच्या फिरून फिरून सासरी जात. सासूला काय त्रास देईल, पोळ्या कशा लाटेल. आकाशवाणीवरची तेवढी खरी तिच्यावर होती : "सांगली केंद्राची सकाळची सभा संपते, दुपारची संपते, ही सुरूच." सगळे हसले, सगळ्यात मोठ्याने ती. माझ्या स्लॅम बुकात तिच्या ॲम्बिशनच्या ओळीत निळ्या शाईने लिहिलंय, "बाबांना विचारून सांगते."

हे पान मी गेल्या काही वर्षांत बऱ्याचदा उघडलंय. जी मुलगी वर्गात कुणाला वाक्य पूर्ण करू देत नव्हती, तिला ह्या एका ओळीत स्वतःचं वाक्य सापडलं नाही. बाबांनी काय सांगितलं ते आम्हाला कळलं बारावीनंतर, पत्रिका आली तेव्हा. पुढे मुलगा शाळेत जायला लागल्यावर ती लॉ कॉलेजला गेली. सासूबाईंनीच पाठवली, म्हणे. "दिवसभर माझ्याशी बोलण्यापेक्षा कोर्टाशी बोल." ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा तिचा फोन आला. चाळीस मिनिटं बोलली. मला मध्ये "हो का" म्हणायला दोनदा संधी मिळाली.

आणि भोपळा. ह्याच्यावर जरा थांबणार आहे.

मिरजेत तंतुवाद्यं बनवणारी घराणी आहेत, सतार आणि तंबोरे. त्या गल्लीतून जाताना दारात, माडीवर, खाटेखाली, सगळीकडे वाळलेले भोपळे दिसतात. पंढरपूरच्या बाजूने येतात. आमचा हा मित्र अशा घरातला. आणि गणितात त्याला मार्क किती पडायचे, तर भोपळा. कुणीतरी लिहिलं : "घरात भोपळे, पेपरात भोपळे, ह्याला भाजीची चिंता नाही."

आता बाईंविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ह्या प्रकरणाला अर्थ नाही. बाई ते खोकं आदल्या रात्री घरी न्यायच्या आणि सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या. रंगावरची बाद. जातीवरची बाद. वजनावरची, उंचीवरची, तोतरेपणावरची बाद. घरच्या परिस्थितीवरची बाद, आणि तिच्या अक्षरावरून लिहिणारा ओळखून दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभा. निम्म्याहून जास्त गठ्ठा जायचा. जे फिशपॉन्ड बंद करा म्हणतात, ते ह्या बाद गठ्ठ्याबद्दल बोलत असतात आणि त्यांचं बरोबर आहे. चाळणी नसेल तर ते खोकं म्हणजे नुसता उकिरडा. पण चाळायला रात्र जागावी लागते. पट्टे बाजारात तयार मिळतात.

तर भोपळ्याच्या चिठ्ठीपाशी बाई अडल्या. मार्कांवरची चालते, पण ही घरच्या धंद्यावरही होती. म्हणून त्यांनी त्यालाच बोलावून दाखवली. त्याने वाचली आणि म्हणाला, "चालेल की बाई. पण भाजी होत नाही त्याची. वाजवायचा भोपळा कडू असतो." समारंभात बाईंनी चिठ्ठी वाचली आणि त्याची दुरुस्तीही वाचली. सर्वांत जास्त हशा दुरुस्तीला पडला.

हा मुलगा शाळेत विज्ञानाच्या पेपरात ध्वनीवरचा प्रश्न सोडून द्यायचा. घरी जाऊन वडिलांसमोर बसून जवारी काढायचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा घासून घासून असा आणायचा, की तार तिला नुसती हलकेच चाटून जाईल. मग तो झणकारणारा, उघडा आवाज येतो. मोजमाप काही नाही. घासायचं, तार लावायची, ऐकायचं, काढायची, पुन्हा घासायचं. केसाएवढं जास्त गेलं की आवाज बसला. ह्या कामाला जो कान लागतो त्याला किती मार्क, हे मंडळाने कधी ठरवलं नाही.

त्याच्या पानावर ॲम्बिशनपुढे एकच शब्द आहे, "तंबोरा". तेव्हा आम्ही म्हटलं होतं, अरे तंबोरा ही वस्तू आहे, ॲम्बिशन नाही. गणितात गेला, ऑक्टोबरला बसला, सुटला आणि दुकानात बसला. माझ्या सदतीस पानांपैकी लिहिलं तेच झालेले मोजके आहेत. हा त्यातला एक. ह्यात सगळं गोड आहे असंही नाही. वडिलांचा धंदा म्हणजे सुटका नसलेली वाट असू शकते, आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं बटण दाबलं की काम भागतं तेव्हा ऑर्डरी कमी होतात, हे तोच सांगतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पाडला. त्याचा रिप्लाय आला, "भाजी तरीही होत नाही."

(माझ्यावर काय होती, असं दादा विचारणारच. "हिच्या निबंधाची प्रस्तावना संपेपर्यंत घंटा होते." बघा, अजून किती लागू आहे ते.)

आता जे सांगायला हे सगळं लिहायला घेतलं ते.

२०२० च्या जानेवारीत आम्ही पंचवीस वर्षांनी भेटलो. वर्गातले बावन्नपैकी चाळीसेक आले होते. बाई नव्हत्या, त्या चार वर्षांपूर्वीच गेल्या. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, फिशपॉन्ड आठवतायत का रे? प्रत्येकाला स्वतःचा आठवत होता. अर्धवट, शब्द इकडचे तिकडे करून. तेव्हा तिसऱ्या बाकावरचा आमचा एक मित्र बोलायला लागला. हा शाळेत कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. मार्क मधले, अक्षर नीट, डबा नीट. त्याने एकेकाकडे बघत एकेकाची चिठ्ठी म्हणून दाखवली. शब्द न् शब्द. भूलतज्ज्ञबाईंची, पानमळेवाल्याची, वकीलबाईंची, माझी. तीसएक तरी झाल्या असतील. आम्ही हसून हसून लोळत होतो. मग कांबळी म्हणाला, "आणि तुझी काय होती रे?"

तो म्हणाला, "माझी नव्हती."

एकदम शांतता झाली. तो पुढे अगदी साध्या आवाजात म्हणाला, "एखादी वाईट आली असेल आणि बाईंनी बाद केली असेल, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. तसं असतं तर बरं होतं."

खोकं त्या वर्षी कांबळीच्या ताब्यात होतं. चिठ्ठ्या मोजून बाईंना द्यायचं काम त्याचं. त्याने मान हलवली. नव्हती.

त्या दिवसापासून फिशपॉन्डविषयी माझं मत पक्कं झालं आणि तुम्हाला वाटेल त्याच्या उलट झालं. तुम्ही म्हणाल, बघा, एक मुलगा पंचवीस वर्षं हे घेऊन फिरला, मग बंदच बरे. पण त्याला टोचत होतं ते काय? चिठ्ठी नसणं. त्याला 'मिस्टर परफेक्ट'चा पट्टा मिळाला असता तर पंचवीस वर्षांत तो विसरून गेला असता, आणि आमच्यापैकी कुणीही पाच वर्षांत त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं हे मात्र तसंच राहिलं असतं. पट्टा ते झाकतो. खोक्याने निदान उघडं पाडलं.

तेव्हा शाळांना माझी सूचना अशी. फिशपॉन्ड ठेवा. चाळणी ठेवा, आणि चाळणारी व्यक्ती रात्र जागणारी हवी. आणि एक नियम वाढवा, जो आमच्याकडे नव्हता : प्रत्येकाने हजेरीपटात आपल्या पुढच्या नंबरावर एक चिठ्ठी लिहायचीच, शेवटच्याने पहिल्यावर. लिहायची म्हणजे त्या मुलाकडे आठवडाभर बघावं लागेल. तो डबा कसा उघडतो, फळा पुसताना कुठून सुरू करतो, कशाला हसतो. बावन्न मुलं, बावन्न चिठ्ठ्या, वरच्या खुशीच्या. 'दहा वर्षांनी मी' नंतर भरा, हवं तर दहा वर्षांनीच भरा.

हा मित्र आज भूमी अभिलेख कार्यालयात आहे. कुणाची जमीन कुठे संपते आणि कुणाची सुरू होते, हे तो नकाशा न बघता सांगतो म्हणे. त्या रात्री घरी पोचल्यावर ग्रुपवर पहिली चिठ्ठी आकाशवाणीने टाकली : "ह्याच्याकडे सगळ्यांचा उतारा आहे, ह्याचा कुणाकडे नाही." मग दुसरी आली, तिसरी आली. काही बऱ्या होत्या, काही अगदीच फालतू, एक तर सरळ त्याच्या टकलावर. रात्री एक वाजेपर्यंत चालू होतं. त्याच्याकडून काही नाही, नुसत्या निळ्या खुणा.

सकाळी साडेसहाला त्याचं उत्तर आलं. "चौदा आल्या. बाई असत्या तर नऊ बाद केल्या असत्या."